वेग कुणाचा? ठळक, अरुंद, तिरप्या अक्षराविषयी

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे.)



आजचा विषय कळल्यावर एकांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून फॉन्टकडे कुठे वळलात?" सोडलेलं काही नाही. रोजच्या वापरातली एक वस्तू घ्यायची आणि तिच्याकडे जरा थांबून बघायचं, हा आपल्या या मालेचा रिवाज. आजची वस्तू तुमच्या सगळ्यांच्या ओळखीची आहे, नाव मात्र कदाचित माहीत नसेल. जाड, दाटीवाटीने उभी राहिलेली आणि उजवीकडे झुकलेली अक्षरं. मोटारसायकलच्या टाकीवर असतात, बुटांवर असतात, मॅरेथॉनच्या टी-शर्टवर, जिमच्या पाटीवर, कबड्डी स्पर्धेच्या फलकावर असतात. छपाईच्या धंद्यात या अक्षराला तीन विशेषणं लावतात: बोल्ड, कंडेन्स्ड, इटॅलिक. आपण म्हणू ठळक, अरुंद, तिरपं. जोडीला चौथा शब्द असतो, डिस्प्ले. म्हणजे हे अक्षर पुस्तकाच्या मजकुरासाठी नाही; मोठ्या आकारात, लांबून दिसावं म्हणून काढलेलं आहे.

आता अडचण बघा. 'अक्षर' या शब्दाचा अर्थच मुळी जे क्षरत नाही ते. ढळत नाही, झिजत नाही. आणि हे अक्षर तर आपल्याला सांगतंय की मी धावतोय! जी वस्तू जागची हलत नाही ती वेग कसा दाखवते? आणि ती दाखवते तो वेग नेमका कुणाचा असतो? या दोन प्रश्नांभोवती आज बोलायचं आहे. दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, पण त्याची वाट पहिल्यातून जाते.

हाताची घाई

ही तीन विशेषणं एका वेळी जन्मली नाहीत. सगळ्यात आधी तिरपेपण आलं.

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये नीकोलो नीकोली नावाचा ग्रंथप्रेमी विद्वान होता. जुन्या लॅटिन ग्रंथांच्या नकला तो स्वतःच्या हाताने करायचा. नक्कल करायची म्हणजे शेकडो पानं लिहायची. मग हात काय करतो? लेखणी कमी वेळा उचलतो, अक्षर अक्षराला जोडतो, आणि उजव्या हाताने डावीकडून उजवीकडे भराभर लिहिताना उभ्या रेषा आपोआप कलतात. त्या काळच्या इटालियन विद्वानांचं हे धावतं वळण पुढे मान्यता पावलं. १५०१ साली व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउस या प्रकाशकाने व्हर्जिलच्या काव्याची लहान आकाराची आवृत्ती काढली, आणि तिच्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफ्फो या कारागिराने त्या धावत्या हस्ताक्षराचे खिळे कोरले. इटलीतलं म्हणून ते इटॅलिक. गंमत म्हणजे त्यातली मोठी अक्षरं, कॅपिटल्स, सरळच उभी होती. फक्त लहान अक्षरं तिरपी.

म्हणजे मुळात तिरपेपण हे वेगाचं चित्र नव्हतं. तो वेगाचा माग होता. चिखलात पावलं उमटतात तसा. कुणीतरी खरोखर घाईने लिहिलं, म्हणून रेषा झुकली.

आपल्याकडे याला जवळचं उदाहरण आहे ते मोडीचं. बाळबोध अक्षर एकेक सुटं काढायचं. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग लेखणी शक्यतो न उचलता ओळ लिहीत जायची. कारकुनाच्या घाईतून घडलेली ती लिपी आहे. पेशवे दफ्तरातले कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना ठाऊक आहे की तिथे हाताचा वेग दिसतो. आणि त्या वेगाची किंमतही दिसते: ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, आणि आज ते वाचायला वेगळं शिकावं लागतं. लिहिणाऱ्याचा वेळ वाचतो तेव्हा कधीकधी तो वाचणाऱ्याच्या खात्यातून खर्ची पडतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भिंतीवरची गर्दी

ठळक आणि अरुंद ही दोन विशेषणं तीनशे वर्षांनी आली. त्यांचा जन्म हातातून झाला नाही, भिंतीवर झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये कारखाने वाढले, माल वाढला, आणि मालाची जाहिरात भिंतींवर चिकटायला लागली. पुस्तकासाठी कोरलेली नाजूक अक्षरं रस्त्यावरून कोण वाचणार? मग १८०३ च्या सुमारास रॉबर्ट थॉर्न याच्या नावाशी जोडली जाणारी फुगीर, जाडजूड अक्षरं आली. १८१६ साली चौथ्या विल्यम कॅसलॉनच्या नमुनापुस्तकात टोकांना अडण्या नसलेलं, म्हणजे सॅन्स सेरिफ, छापील अक्षर पहिल्यांदा दिसलं. आज खेळाची म्हणून जी अक्षरं आपण ओळखतो, त्यांतली बहुतेक याच घराण्यातली.

पण शिशाची मोठी अक्षरं जड होतात, ओतताना नीट थंड होत नाहीत, फुटतात. त्यावर तोड निघाली ती लाकडाची. १८२७ साली न्यूयॉर्कमध्ये डेरियस वेल्स याने यंत्राच्या साह्याने लाकडी अक्षरं कापण्याची पद्धत काढली. आता अक्षर हवं तेवढं मोठं करता येऊ लागलं. मात्र कागदाची रुंदी तेवढीच! इथे साधा हिशोब आहे. फलकाची रुंदी ठरलेली, शब्दातली अक्षरं ठरलेली. अक्षराची रुंदी निम्मी केली तर तेवढ्याच जागेत त्याची उंची दुप्पट करता येते. चिंचोळ्या अक्षराचा जन्म या हिशोबात आहे. मुंबईच्या चाळी जशा जागेच्या टंचाईने उंच झाल्या, तशीच ही अक्षरं.

पण माणसाचा डोळा काटकसरीतही भाव शोधतो. एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या जाड काठ्या बघितल्या की त्याला कवायतीची रांग दिसते, खांद्याला खांदा लावलेली फळी दिसते. टंचाईतून आलेला आकार हळूहळू ताकदीचा आकार वाटू लागला.

नंबर अडुसष्ट

तीन विशेषणं पद्धतशीरपणे एकत्र आणणारा एक मोठा टप्पा १९५७ चा. पॅरिसच्या दबर्नी ए पेन्यो या कंपनीने युनिव्हर्स नावाचं अक्षरकुटुंब बाजारात आणलं. त्याचा रचनाकार एड्रियन फ्रुटिगर, मूळचा स्विस. त्याने एकवीस वळणं एकाच आराखड्यात बसवली, आणि त्यांना नावांऐवजी दोन आकडी नंबर दिले. पहिला आकडा जाडीचा, दुसरा रुंदीचा आणि कलाचा. पंचावन्न म्हणजे मधलं, साधं, सरळ अक्षर. आणि अडुसष्ट म्हणजे काय? सहा म्हणजे ठळक, आठ म्हणजे अरुंद आणि तिरपं. आपला आजचा विषय युरोपातल्या एका कोष्टकात एक घर होऊन बसला होता!

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे कोष्टक बघून वैशेषिक दर्शन आठवल्यावाचून राहत नाही. द्रव्य एक, गुण अनेक. 'अ' हे अक्षर तेच. जाडी, रुंदी, कल हे त्याला लागणारे गुण. गुण बदलले तरी अक्षराची ओळख टिकते. पण किती बदलेपर्यंत टिकते? जाडी वाढवत गेलात तर कुठल्या तरी क्षणी 'ब' च्या पोटातली रेघ बुजते आणि तो 'व' होतो. म्हणजे गुणांच्या वाढीला द्रव्याची मर्यादा आहे. हा प्रश्न पुस्तकी नाही. फलक रंगवणाऱ्याला तो रोज पडतो.

पुढची गोष्ट लवकर सांगतो. १९६० च्या दशकात लेट्रासेट या इंग्रजी कंपनीने घासून उमटवायच्या अक्षरांचे ताव विकायला काढले. छापखाना नको, जुळारी नको. टेबलावर बसून मथळा तयार. त्यांच्यासाठी १९६३ मध्ये फ्रेड लॅम्बर्टने काढलेलं कॉम्पॅक्टा आणि १९६५ मध्ये जेफ्री लीने स्टीफन्सन ब्लेक या शेफिल्डच्या कंपनीसाठी काढलेलं इम्पॅक्ट ही दोन्ही ठळक, दाट अक्षरं. इम्पॅक्ट तर पुढे संगणकासोबत घरोघर पोचलं. शर्यतीच्या गाड्या, बूट, क्रीडा मासिकं यांनी अशी अक्षरं उचलली, तिरपी केली, आणि ती खेळाची भाषा होऊन बसली.

झुकणं म्हणजे धावणं, हे कुणी ठरवलं?

आता मधला दुवा. हाताच्या घाईतून आलेलं तिरपेपण धावण्याचं चिन्ह कसं झालं?

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स याने चिन्हांचे तीन प्रकार सांगितले आहेत. मी त्यांना सोयीसाठी माग, संकेत आणि चित्र म्हणतो. धूर हा अग्नीचा माग. सिग्नलचा लाल रंग हा संकेत. सगळ्यांनी मान्य केला म्हणून अर्थवान. नकाशा किंवा छायाचित्र हे चित्र. ते वस्तूसारखं दिसतं. तिरप्या अक्षराने हे तिन्ही प्रवास केले. व्हेनिसमध्ये ते मागाची आठवण होतं. पुढे युरोपातल्या पुस्तकांत सरळ मजकुरामध्ये एखाद्या शब्दावर जोर द्यायला तिरपं अक्षर वापरू लागले. तिथे ते संकेत झालं. आणि विसाव्या शतकात, मोटारींच्या युगात, ते चित्र झालं.

इथे मला एका छायाचित्राबद्दल सांगायचं आहे. झाक आंरी लार्तीग हा फ्रेंच तरुण तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. मोटारींच्या शर्यतीत त्याने एका धावत्या गाडीचा फोटो घेतला. तो स्वतः साल १९१२ सांगायचा, काही अभ्यासक १९१३ मानतात. त्या फोटोत गाडीचं चाक गोल नाही. ते पुढे झुकलेलं लंबवर्तुळ आहे. आणि रस्त्याकडेचे प्रेक्षक उलट्या दिशेला कललेले आहेत. कारण काय? त्या कॅमेऱ्यातल्या पडद्याला एक आडवी फट असायची आणि ती वरखाली सरकायची. चित्राचा एक भाग आधी टिपला जायचा, दुसरा जरा नंतर. तेवढ्यात गाडी पुढे गेलेली. शिवाय लार्तीग कॅमेरा गाडीबरोबर फिरवत होता, म्हणून जागेवर उभी असलेली माणसं उलटी कलली. खरं चाक कधीच झुकलेलं नव्हतं. झुकलं ते यंत्राच्या खोडीमुळे. पण बघणाऱ्याला वाटलं, हाच वेग! व्यंगचित्रांतली पळणारी गाडीही आपण पुढे ओणवलेलीच बघत आलो आहोत.

धावणाऱ्या माणसाचं काय? तो तर खरंच झुकतो ना? झुकतो, पण कधी ते बघा. शंभर मीटरच्या शर्यतीत सुटताना धावपटूचं शरीर खूप पुढे कललेलं असतं. मग तो हळूहळू उठत जातो. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांचा विक्रम केला. त्या धावेत त्याचा सर्वाधिक वेग साठ ते ऐंशी मीटरच्या टप्प्यात होता, आणि तिथे तो जवळपास ताठ होता. भौतिकशास्त्राच्या भाषेत, झुकणं हे वेगाचं लक्षण नाही, वेग वाढत असल्याचं लक्षण आहे. ज्याने वेग गाठला तो सरळ होतो.

म्हणून तिरपं अक्षर खरं तर 'मी वेगवान आहे' असं म्हणत नाही. ते म्हणतं, 'मी आत्ता सुटतोय.' कायम सुटण्याच्या क्षणात गोठलेलं ते अक्षर आहे.

तीन संस्कार

झेनोचा बाण तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक क्षणी बाण आपल्या जागेइतकीच जागा व्यापतो, म्हणजे प्रत्येक क्षणी तो स्थिर. मग हलतो केव्हा? आपल्याकडे नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या दुसऱ्या प्रकरणात गतीची अशीच झाडाझडती घेतली आहे. त्या वादात आज शिरत नाही. आपलं काम वेगळं आहे: बाण नाही, बाणाचं चित्रही नाही, नुसतं अक्षर आहे, आणि तरीही आपल्याला वेग जाणवतो. तो कुठे आहे?

न्याय-वैशेषिकांनी 'संस्कार' नावाचा एक गुण मानला आणि त्याचे तीन प्रकार केले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे फेकलेल्या वस्तूला पुढे नेत राहतो तो. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेल्या फांदीला परत जागेवर आणतो तो. आणि भावना म्हणजे पूर्वी घेतलेल्या अनुभवाचा मनात उरलेला ठसा, जो आठवण जागी करतो. पहिले दोन वस्तूंमध्ये, तिसरा आत्म्यात. मला ही वर्गवारी आजच्या प्रश्नाला विलक्षण उपयोगी वाटते.

अक्षरात वेग नाही. तो कागदावर शाई होऊन बसला आहे. त्यात स्थितिस्थापकही नाही. पण दाबून अरुंद केलेलं जाड अक्षर दाबलेल्या स्प्रिंगसारखं दिसतं, आता उसळेल असं वाटतं. हे वाटणं येतं कुठून? तिसऱ्या संस्कारातून. आपण धावलो आहोत, धावणारे बघितले आहेत, वाऱ्यात झुकलेली झाडं बघितली आहेत, गच्च भरलेली गाडी सुटताना अंगावर आलेला झोका अनुभवला आहे. ते ठसे आपल्यात आहेत. अक्षर फक्त त्यांना टोचणी देतं. अक्षरातला वेग हा वाचणाऱ्याचा वेग आहे.

ढकललेलं अक्षर आणि काढलेलं अक्षर

आता थोडं कारागिरीकडे. संगणकावर तिरपं करायचं बटण असतं. ते काय करतं? पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवा आणि बाजूने हलकेच ढकला. प्रत्येक पत्ता आडवाच राहतो, पण कडेची उभी रेघ तिरपी होते. बटण नेमकं हेच करतं.

पण त्याचे परिणाम सगळ्या रेषांवर सारखे होत नाहीत. आडव्या रेषा तशाच राहतात. उभ्या काठ्या किंचित बारीक होतात. आधीच उजवीकडे झुकलेली रेषा आणखी झुकते आणि चांगलीच बारीक होते. डावीकडे झुकलेली रेषा उभी होत जाते आणि जाड दिसू लागते. गोल 'ओ' एका कर्णावर ताणला जातो, दुसऱ्यावर फुगतो. सडपातळ अक्षरात हे खपून जातं. ठळक अक्षरात मात्र डोळ्याला लगेच टोचतं, कारण चूकही तेवढीच ठळक होते.

म्हणून चांगला अक्षरकार बटणावर थांबत नाही. तो प्रत्येक वळण पुन्हा काढतो: इथे जाडी घालतो, तिथे काढतो, पोटातली पोकळी उघडी ठेवतो, दोन अक्षरांमधलं अंतर पुन्हा मोजतो. पुस्तकाच्या मजकुरातलं इटॅलिक साधारण आठ ते बारा अंश कललेलं असतं. खेळाच्या अक्षरात कल याहून जास्त घेण्याचा मोह होतो. जितका कल जास्त, तितकी ही दुरुस्ती जास्त. बघणाऱ्याला ती कधीच दिसत नाही; केली नाही तर मात्र दिसते.

देवनागरी धावते तेव्हा

आणि आपली लिपी? देवनागरीत इटॅलिकची परंपरा नाही. आपल्या छपाईत जोर द्यायचा तर ठळक ठसा वापरायचा किंवा अवतरणचिन्हं घालायची. पण आज गावोगावच्या कबड्डी-खोखोच्या फलकांवर देवनागरी झुकते आहे, आणि बहुतेक वेळा ती बटणाने ढकललेली असते. त्यात तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण जागेची. रोमन कॅपिटल अक्षर पायापासून डोक्यापर्यंत सगळी उंची वापरतं. देवनागरीला वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार यांना जागा सोडावी लागते. मग मुख्य अक्षर लहान होतं. शिवाय जोडाक्षरं. 'महाराष्ट्र' हा शब्दच घ्या. त्यातला 'ष्ट्र' अरुंद करून बघा, म्हणजे कळेल.

दुसरी अडचण ओळखीची. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व', 'ष' आणि 'प' यांच्यात फरक किती? शिरोरेषेतली एक फट, एक गाठ, पोटातली एक रेघ. जाडी वाढली आणि रुंदी घटली की आधी बळी जातो तो याच फरकांचा. घाडगे आणि धाडगे ही दोन वेगळी माणसं आहेत. पाठीवरच्या अक्षराने त्यांना एक करून चालणार नाही.

तिसरी अडचण मला सगळ्यात रंजक वाटते. रोमन अक्षर जमिनीवर उभं असतं. ते झुकलं की पाय रोवलेले आणि डोकं पुढे, धावपटूसारखं. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेलं असतं. ते उजवीकडे तिरपं केलं की डोळ्याला डोकं पुढे गेल्यासारखं वाटत नाही, पाय मागे राहिल्यासारखे वाटतात. दोरीवरचे कपडे वाऱ्याने मागे उडावेत तसे. मग हे धावणं नाहीच का? आहे, पण वेगळ्या जातीचं. लोकल सुटते तेव्हा डब्यातल्या टांगत्या कड्या बघा. वरचं टोक दांड्याला घट्ट, खालची कडी मागे झुलते. आणि गाडीने एकसारखा वेग घेतला की कड्या पुन्हा सरळ! बोल्टच्या पाठीचा जो नियम, तोच कड्यांचा. देवनागरीचं तिरपेपण नीट साधायचं असेल तर ते असं टांगत्या वस्तूचं म्हणून विचारात घ्यावं लागेल; रोमनचा पाय उसना आणून भागणार नाही.

ठळक आणि अरुंद देवनागरीवर गेल्या काही वर्षांत चांगलं काम झालं आहे. इंडियन टाइप फाउंड्रीची टेको आणि खंड ही वळणं विनामूल्य मिळतात, फलकांवर तुम्ही ती पाहिली असतील. दोन्ही सरळ उभी आहेत, आणि उभी असूनही ती खेळाच्या मैदानात शोभतात. हा मुद्दा लहान नाही.

उधारी

आता आरंभीचा दुसरा प्रश्न. वेग कुणाचा?

आपण पाहिलं की तो अक्षराचा नाही. धावणाऱ्या शरीराचा आहे आणि बघणाऱ्याच्या आठवणीचा आहे. अक्षराने तो उसना घेतला. उसनं घेण्यात वाईट काही नाही. सगळी कला उसनवारीवर चालते. पण उधारी फेडायची असते. ती कुणाला? ज्याच्या शरीराचा वेग घेतला त्या खेळाडूला, आणि ज्याची आठवण वापरली त्या वाचकाला.

खेळाडूला फेडायची म्हणजे त्याचं नाव आणि नंबर वाचता आला पाहिजे. १९९९ च्या क्रिकेट विश्वचषकापासून त्या स्पर्धेत खेळाडूंच्या पाठीवर नंबर आले. २०१९ च्या ॲशेस मालिकेपासून कसोटीच्या पांढऱ्या कपड्यांवरही नाव-नंबर आले. ते कशासाठी? लांब बसलेल्या माणसाला कळावं की हा कोण. तिथे ३ आणि ८, किंवा १ आणि ९, एकमेकांत मिसळले तर अक्षराने खेळाडूचा वेग घेतला आणि त्याची ओळख बुडवली. एखाद्या लहान गावातली मुलगी पहिल्यांदा जिल्ह्याच्या संघात खेळते, आई-वडील प्रेक्षकांत आहेत, आणि पाठीवरचं तिचं आडनाव त्यांनाच वाचता येत नाही. असं होता कामा नये.

वाचकाला फेडायची म्हणजे जिथे त्याला रुबाब नको, माहिती हवी, तिथे अक्षराने सरळ व्हायचं. मॅरेथॉनच्या वाटेवर 'पाणी' आणि 'प्रथमोपचार' या पाट्या असतात. धाप लागलेला, डोळ्यांपुढे अंधारी आलेला माणूस त्या पाट्या शोधत असतो. सगळा कार्यक्रम एकाच छापात दिसावा म्हणून त्याही पाट्या ठळक, अरुंद, तिरप्या अक्षरात करणं म्हणजे मोडीचीच गोष्ट झाली, फक्त उलट्या कारणाने: रुबाब एकाचा, खर्च दुसऱ्याच्या खात्यात. तोही अशा वेळी, जेव्हा त्याच्याकडे खर्चायला काही उरलेलं नाही.

आणि एक उधारी बाजाराची आहे. धावण्याशी ज्यांचा काडीचा संबंध नाही असे पंखे, क्लासेस, निवडणुकीचे फलकही आता झुकायला लागले आहेत. सगळेच झुकले तर झुकण्याला अर्थ काय राहिला? चलन जास्त छापलं की त्याची किंमत पडते, चिन्हांचंही तसंच आहे. खेळाच्या बाजारातली सर्वांत गाजलेली घोषणा, नायकेची १९८८ ची 'जस्ट डू इट', फ्युचुरा घराण्यातल्या ठळक, अरुंद आणि सरळ उभ्या अक्षरात लोकांपुढे आली. तीन छोटे शब्द. त्यांना झुकायची गरज पडली नाही, कारण सुटण्याची क्रिया वाक्यातच होती.

एवढंच सांगायचं होतं. आता प्रश्न घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

*उजवीकडे झुकणं म्हणजे पुढे जाणं, ही फक्त सवय नाही का? उर्दू वाचणाऱ्याला काय वाटत असेल?*

छान प्रश्न. 'पुढे' हे वाचनाच्या दिशेवर ठरतं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो म्हणून उजवी बाजू पुढची. उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्याला उजवीकडे झुकलेलं अक्षर मागे रेलल्यासारखं वाटू शकतं. फारसीच्या छपाईत डावीकडे झुकणारं अक्षरही करून पाहिलं गेलं आहे, ते याच विचाराने. म्हणजे सवयीचा वाटा आहेच. पण झोका बसला की शरीर कलतं, हा अनुभव सवयीच्या आधीचा आहे. दिशा लिपी ठरवते. कलण्याचा अर्थ शरीर ठरवतं.

*आमच्या शाळेच्या क्रीडामहोत्सवाचा फलक मराठीत करायचा आहे. नेमकं काय करावं?*

स्पर्धेचं नाव, दोन-तीन शब्द, तेवढंच तिरपं करा. शक्य असेल तर एखाद्या चांगल्या हाताकडून काढून घ्या. कमल शेडगे यांनी नाटकांची शीर्षकं हाताने काढली. प्रत्येक नाटकाला वेगळं अक्षर. ते बघण्यासारखं आहे. बटणानेच करायचं असेल तर कल थोडा ठेवा आणि 'घ-ध', 'भ-म', 'ब-व' तपासा. तारीख, वेळ, ठिकाण सरळ अक्षरात. मुलांची नावं आणि नंबर सरळ, जरा रुंद, मोकळे. मग फलक भिंतीला लावा, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जा, आणि ज्याने तो आधी वाचलेला नाही अशा एखाद्या आजोबांना मोठ्याने वाचायला सांगा. ते जिथे अडखळतील तिथे दुरुस्ती करा.